शेवटची पाळी कधी आली?

वाचकांची पत्रं, डॉक्टरांची उत्तरं

बेळगावच्या शहापुरात दवाखाना टाकून मला तीस वर्षं झाली. या तीस वर्षांत मी सगळ्यात जास्त वेळा उच्चारलेलं वाक्य वर शीर्षकात आहे. उत्तरंही पाठ झालीत. "गणपतीच्या आदल्या दिवशी." "सौंदत्तीला यल्लम्माला जाऊन आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी." "ऊस गेला त्या आठवड्यात, बघा की." येळ्ळूरच्या एका बाईने "भात मळायला घेतलं तेव्हा" असं सांगितलं, तेव्हा मी बाहेर बसलेल्या तिच्या नवऱ्याला मळणीची तारीख विचारली. त्याला ती बिनचूक आठवत होती, कारण मळणी मशीनवाल्याचे पैसे द्यायचे राहिले होते. अशा तारखांवर मी कित्येकींच्या बाळंतपणाचे दिवस काढलेत आणि तायी कार्डावर, म्हणजे गरोदर बाईच्या सरकारी नोंदकार्डावर, लिहिलेत.

हल्ली चार-पाच वर्षांत मात्र उत्तर तोंडाने येत नाही. मुलगी मनगट पुढे करते, नाहीतर मोबाईल. या महिन्यात आलेल्या पत्रांतली पाच पत्रं या घड्याळांवरची, अंगठ्यांवरची आणि ॲपवरचीच आहेत, म्हणून बाकीची बाजूला ठेवून तीच घेते.

"वय २८, लग्नाला दोन वर्षं झाली. बेंगळुरूच्या कंपनीचं काम टिळकवाडीतल्या घरूनच करते. ॲपलचं घड्याळ रात्री घालून झोपते. 'स्त्रीबीज अमुक दिवशी सुटलं असावं' असं त्यात दिसलं की त्या दिवसापासून आम्ही तीन-चार दिवस प्रयत्न करतो. आठ महिने झाले, काही नाही. या वेळी पाळी घड्याळाने सांगितलेल्या तारखेपेक्षा नऊ दिवस लांबली, आम्हाला आशा लागली, आणि मग आली. दोष घड्याळात आहे की माझ्यात?"

पत्रावरून तरी दोन्हींत नाही. तुम्ही दोघं उशिरा पोचताय, एवढंच.

घड्याळाला स्त्रीबीज दिसत नाही. त्याला दिसते कातडीची ऊब. स्त्रीबीज सुटलं की अंडाशयात त्या जागी एक छोटी पिवळसर गाठ तयार होते, ती प्रोजेस्टेरॉन बनवते आणि प्रोजेस्टेरॉनमुळे अंग किंचित तापतं. किती? साधारण अर्धा ते एक डिग्री फॅरेनहाइट. कपाळाला हात लावून कळणारी ही गोष्ट नाही. पाळी येईपर्यंत ती ऊब टिकते, आली की उतरते.

हे ज्ञान घड्याळवाल्यांचं नाही, फार जुनं आहे. मी शिकत असताना आम्ही बायकांना चौकटीचा कागद द्यायचो आणि सांगायचो, पहाटे जाग आली की अंथरुणातून पाय खाली ठेवायच्या आधी जिभेखाली थर्मामीटर, आकडा कागदावर. वडगावच्या एका बाईने तीन महिन्यांचा कागद आणला होता. घरात माग, कागदाला यंत्राच्या तेलाचे डाग, आणि रेघ अशी की जणू कुणी करवतीचे दात काढलेत. मी गोंधळले. मग हळूच कळलं की नळाला पाणी येई त्या दिवशी ती पहाटे चारला उठून आधी दहा-बारा घागरी भरायची आणि मग थर्मामीटर तोंडात धरायची. डॉक्टरीणबाईंनी "उठायच्या आधी" म्हटलं होतं, पण नळ डॉक्टरीणबाईंचं थोडंच ऐकणार?

त्या बाईसाठी तुझं घड्याळ खरंच वरदान ठरलं असतं. ते झोपेतच मोजतं, रात्रभर पुन्हा पुन्हा मोजतं, आणि तुझी नेहमीची पातळी ठरवून त्याच्या वर किती गेली तेवढं दाखवतं. ॲपलने हे २०२२ च्या सिरीज ८ पासून दिलं. ओरासारख्या अंगठ्या तेच बोटावरून करतात. कातडीवरचं माप असल्यामुळे ताप, जाड रजई, जागरण, रात्रीची दारू या सगळ्यांनी ते हलतं, म्हणून एका रात्रीच्या आकड्याला किंमत नाही, पंधरा-वीस रात्रींच्या चढउताराला आहे. नवं घड्याळ अंदाज सांगायलाच साधारण दोन पाळ्या घेतं, तेही याच कारणाने.

आता तुझ्या आठ महिन्यांकडे येते. ऊब चढते ती स्त्रीबीज सुटल्यानंतर. ती चढली आणि टिकली, अशी खात्री करायला घड्याळाला आणखी दोन-तीन रात्री लागतात. म्हणजे तुला सूचना मिळते तेव्हा ती मागच्या गोष्टीची असते. स्त्रीबीज सुटल्यावर जेमतेम १२ ते २४ तास जगतं. शुक्राणू मात्र बाईच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत वाट बघत राहू शकतात. त्यामुळे गर्भ राहायचे दिवस सहा: आधीचे पाच आणि तो स्वतः. नंतरचे नाहीत. टिळकवाडीत राहतेस, तेव्हा रेल्वे गेट म्हणजे काय ते तुला सांगायला नको. राणी चन्नम्मा एक्स्प्रेस निघून गेल्यावर गेट पडावं, तसे तुमचे ते तीन-चार दिवस आहेत.

काय करायचं ते सांगते. सूचना विसर आणि घड्याळात साठलेल्या मागच्या आठ तारखा कागदावर उतरवून काढ. एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून दुसरीच्या पहिल्या दिवसापर्यंत किती दिवस, ते मोज. सगळ्यात आखूड आणि सगळ्यात लांब अंतर बघ. पाळीचा मागचा अर्धा भाग, म्हणजे स्त्रीबीज सुटल्यापासून पाळी येईपर्यंतचा, बहुतेकींत दोन आठवड्यांच्या आसपास असतो. लांबतो-आखडतो तो पुढचा भाग. समजा तुझं अंतर २८ ते ३३ दिवसांत फिरतंय, तर पाळीच्या नवव्या दिवसापासून विसाव्यापर्यंत एक दिवसाआड संबंध ठेवा. यात घड्याळ लागत नाही. या दिवसांत अंगावरून जाणारं पाणी बदलतं: भेंडी चिरताना सुरीला सुटते तशी पारदर्शक, ताणली तर लांबणारी तार. ही तार दिसली की गाडी यायची आहे, गेलेली नाही. आणखी खात्री हवी असेल तर मेडिकलमध्ये लघवीवर करायची पट्टी मिळते, ती स्त्रीबीज सुटायच्या दीडेक दिवस आधी सांगते. गंमत बघ, काही रुपयांची पट्टी पुढचं सांगते आणि चाळीस हजारांचं घड्याळ मागचं.

नऊ दिवसांचंही याच हिशेबात बसतं. घड्याळाची पुढची तारीख ही तुझ्या आधीच्या पाळ्यांवरून काढलेली सरासरी. मधे आजारपण झालं, लग्नाला जाऊन चार रात्री जागलीस, कामाचा ताण आला, तर स्त्रीबीजच उशिरा सुटतं आणि पाळीही तेवढीच मागे सरकते. त्या महिन्याचा तापमानाचा आलेख उघडून बघ, चढ उशिरा दिसेल. पाळी लांबली की सूचनेकडे बघत बसण्यापेक्षा लघवीची तपासणी कर. आशाताईंकडे ती फुकट मिळते, किटचं नावच 'निश्चय' आहे.

एक बाजूची गोष्ट. एवढ्या लांब पत्रात नवरा फक्त 'आम्ही' या शब्दात आलाय. त्याची वीर्यतपासणी एका सकाळचं काम आहे, दुखत नाही. पस्तिशीच्या आत असाल तर एक वर्ष थांबून मग तपासण्यांकडे वळायचं असा रिवाज आहे. तुझं वर्ष भरत आलंय. येताना घड्याळातला आलेख छापून आण. दर महिन्याला चढ दिसत असेल तर स्त्रीबीज सुटतंय असं मानायला मला मोठाच आधार मिळेल. थर्मामीटरच्या जमान्यात हा कागद मिळवायला मी कित्येकींच्या विनवण्या केल्यात.

"मी निपाणीत विड्या वळते. लेक सातवीत आहे, बारा वर्षांची. दिवाळीत शहाणी झाली. पाच महिन्यांत तीनदाच पाळी आली, एकदा तर दीड महिना आलीच नाही. पुण्याची भाची म्हणते, काकू, तिला घड्याळ घेऊन दे, पाळीचं सगळं त्यात कळतं, तीन हजाराला मिळतं. सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे पैसे बाजूला ठेवलेत. घेऊ का?"

नको, अक्का.

तीन हजारांच्या आतल्या बहुतेक घड्याळांत शरीरातलं काही कळायची सोय नसते. तुम्ही मागची तारीख घालायची, ते त्यात अठ्ठावीस मिळवून पुढची सांगतं. एवढी बेरीज सातवीतल्या पोरीला येते. शिवाय तिच्या वयाला अठ्ठावीस हा आकडाच लागू नाही. पाळी सुरू झाल्यावर पहिली दोन-तीन वर्षं २१ ते ४५ दिवसांतलं कुठलंही अंतर चालतं, कारण अंडाशयाचं काम अजून बसायचं असतं. घड्याळ मात्र एकोणतिसाव्या दिवशी 'उशीर झाला' म्हणून मनगटावर थरथरणार, आणि पोरगी वर्गात घाबरून बसणार.

तिला वहीत नाहीतर कॅलेंडरवर खूण करायला शिकवा. पाळी आली तो पहिला दिवस, थांबली तो शेवटचा, आणि जास्त गेलं त्या दिवशी दोन खुणा. तीन महिने पाळीच आली नाही, सात दिवसांच्या वर चालली, तासा-दोन तासाला पॅड भिजायला लागलं किंवा चक्कर आली, तर डॉक्टरांकडे न्या. बाकी वेळी काळजी नको.

त्या पैशातून आधी हिमोग्लोबिन तपासून घ्या, लेकीचं आणि स्वतःचंही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५७ बायकांचं रक्त कमी निघालं. लेकीला शाळेत आठवड्याला निळी गोळी देतात ना, ती लोहाची. घरी येऊन "मळमळतंय" म्हणाली तरी बंद करू नका, जेवल्यावर घ्यायला सांगा. भाकरीबरोबर पालेभाजी, वर लिंबू पिळून. आणि जेवणावर लगेच चहा नको, चहाने लोह अंगाला लागत नाही. आपल्या सीमाभागात हे सांगणं म्हणजे भिंतीशी बोलणं आहे, तरी सांगते.

"संकेश्वरला एकत्र कुटुंबात राहते. घरात आम्ही चौघी. धाकट्या जावेने चौघींच्या तारखा एका ॲपमध्ये घातल्या, आणि आता कोण कधी बाहेरची होणार ते सासूबाईंना आधीच माहीत असतं. त्याप्रमाणे त्या कामं वाटतात. गौरीच्या वेळी ॲपने सांगितलेल्या तारखेवरून मेडिकलमधून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणल्या, तरी नेमकी गौरी जेवणादिवशी आली. वर आरतीला उभी असताना माझं घड्याळ थरथरलं आणि सात वर्षांच्या पुतण्याने ते मोठ्याने वाचलं. गोळीने का थांबली नाही? पुढच्या वर्षी काय करू?"

पुतण्याचं वाचन चांगलं आहे, त्याचं कौतुक करा!

गोळ्यांचं आधी. त्या गोळ्या प्रोजेस्टेरॉनच्या जातीच्या, नॉरएथिस्टेरॉन नावाच्या. पाळी यायच्या तीन दिवस आधी सुरू करायच्या असतात, आणि थांबवल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. आता ॲपने सांगितलेली तारीख अंदाजाची. खरी पाळी त्याच्या तीन-चार दिवस आधी यायची असेल, तर तुम्ही गोळी सुरू केलीत तेव्हा गर्भाशयाचं अस्तर सुटायच्या बेतात होतं. मोडायला आलेला बांध एका गोळीने धरत नाही. ज्यांची पाळी मागेपुढे होते त्यांनी तारखेचा अंदाज ॲपवर न सोपवता वर्षभराच्या तारखा घेऊन डॉक्टरांकडे जावं. मेडिकलमधून परस्पर घेऊ नये याचं आणखी एक कारण: पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झालेली, यकृताचा आजार असलेली, पाळीखेरीज रक्त जाणारी किंवा दिवस गेले असण्याची शंका असलेली बाई ही गोळी घेऊ शकत नाही. दुकानदार हे विचारत नाही. गोळी घेतलेल्या महिन्याची पाळी वहीत 'गोळीची' अशी लिहून ठेवा, नाहीतर ॲप तीही खरी धरून पुढचे तीन महिने चुकत राहतं. अंगाची ऊब मोजणारं घड्याळही त्या दिवसांत फसतं, कारण गोळीनेही अंग तापतं.

आता सासूबाई. तुम्ही विचारलं नाही, तरी मी बोलणार.

आमच्या घरी स्वयंपाकघराच्या दाराआड कालनिर्णय टांगलेलं असे. दुधाचा खाडा झाला की त्या तारखेवर फुली, सिलिंडर लागला की 'गॅस', आणि आईचं निळ्या शाईचं बारीक टिंब, पाळीच्या प्रत्येक दिवसाला एक. दुधाचा हिशेब आईच करायची. एका महिन्यात ती आजारी होती म्हणून बाबा बसले. त्या महिन्यात फुली एकही नव्हती, टिंबं पाच होती. बाबांनी पाच खाडे धरले आणि पैसे कापले. कंग्राळीचा गवळी अंगणात उभा राहून "मालक, एक दिस चुकलो न्हाई ओ" म्हणत राहिला. बाबा कालनिर्णयच घेऊन बाहेर आले आणि त्याला टिंबं दाखवायला लागले. मी नववीत होते, मला सगळं कळत होतं. आई दाराआड उभी. दोघीही गप्प. दुसऱ्या दिवशी पहाटे आईने तांदळाच्या डब्यातले पैसे गवळ्याच्या हातावर ठेवले. पुढच्या महिन्यापासून तिची टिंबं तारखेच्या पानामागे, पाककृतीच्या मजकुरात जायला लागली. तिकडे बाबा कधी फिरकत नसत.

ते टिंब आईचं होतं, आणि बाबांच्या हाती गेलं तेव्हाही त्याचा अर्थ तिच्याकडेच होता. तुमच्या जावेने जे केलंय त्यात चौघींची टिंबं सासूबाईंच्या हातात आहेत, आणि अर्थही तयार करून दिलेला आहे. पूर्वी निदान बाईने सांगितल्यावर तिला बाजूला बसवायचे. आता तिच्या शरीराला कळायच्या आधी ॲप बसवतंय. पाळी म्हणजे विटाळ नव्हे हे मी तीस वर्षं सांगतेय, आणि काही घरांत ते पोचलंयसुद्धा. पण विटाळाचं वेळापत्रक छापून मिळायला लागेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

जावेवर रागावू नका, तिने चांगल्या मनानेच केलं असेल. स्वतःच्या तारखा मात्र तिच्या मोबाईलमधून काढायला लावा. स्वतःच्या मोबाईलमध्ये ठेवायच्या तर ॲपला वेगळा पासवर्ड घाला. घड्याळातल्या सूचनांमध्ये जाऊन पाळीची सूचना बंद करा; नोंद राहते, थरथर जाते. पुतण्याला हे जमेल, पण त्याला सांगू नका.

ॲप निवडताना एकच गोष्ट बघा: तारखा मोबाईलमध्येच राहतात की कंपनीकडे जातात. हा संशयाचा बाजार नाही. अमेरिकेत २०२१ मध्ये फ्लो नावाच्या पाळीच्या ॲपवर तिथल्या व्यापार आयोगाने कारवाई केली, कारण खासगी राहील असं सांगून बायकांची माहिती फेसबुक, गुगलसारख्या बाहेरच्या कंपन्यांना गेली होती. आपल्याकडे वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला. पण संकेश्वरच्या माजघरात तो कायदा येणार नाही, तिथे तुम्हालाच बोलावं लागेल.

"वय ४५. खडेबाजारात साड्यांच्या दुकानात काम करते, दिवसभर उभं. पाळी कधी वीस दिवसांनी, कधी दोन महिन्यांनी. आली की गाठी पडतात, साडी खराब होईल म्हणून जीव मुठीत धरून उभी असते. दुकानात बाईमाणसाला जायला जागा नाही. मुलाने घड्याळ दिलंय, ते म्हणतं झोप कमी, चालणं चांगलं. पाळीचं सगळं 'अनियमित' एवढंच दाखवतं. दम लागतो. पाळी जायची वेळ आली म्हणून सोडून देऊ का?"

सोडून देऊ नका, आणि पुढच्या पाळीपर्यंत थांबूही नका. या आठवड्यात या.

कुठलंही घड्याळ रक्त किती गेलं ते मोजत नाही. अंतर मोजतं, ऊब मोजतं, ठोके मोजतं. तुमचा त्रास तर सगळा 'किती' मध्ये आहे. म्हणून मुलाच्या घड्याळाला राहू द्या, तुम्ही पॅड मोजा: दिवसाला किती बदललं, त्यातलं किती पूर्ण भिजलं होतं, रात्री उठावं लागलं का, रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठी गाठ पडली का. ही चार उत्तरं मला कुठल्याही आलेखापेक्षा जास्त सांगतात. घड्याळातला एक आकडा मात्र बघून या, झोपेतले किंवा बसलेले असतानाचे ठोके. रक्त कमी झालं की हृदय जोरात धावतं. चार-सहा महिन्यांत हा आकडा चढत आलेला असेल तर दम का लागतो त्याचा एक धागा मिळेल. हिमोग्लोबिन १२ च्या खाली म्हणजे कमी. तुमच्यासारख्या सात-आठवर उभ्या राहून काम करताना मी पाहिल्यात.

पाळी जायच्या आधी ती अशी मागेपुढे होते हे खरं. पण गाठी पडून दम लागेपर्यंत जाणं हे 'वयाचं' म्हणून सोडायचं नसतं. गर्भाशयात गाठ आहे का, थायरॉइड बिघडलाय का हे बघावं लागतं, सोनोग्राफी करावी लागते, आणि पंचेचाळिशीनंतर अशा वेळी अस्तराचा बारीक तुकडा काढून तपासतात. एक वर्ष पाळी आली नाही की ती गेली म्हणायचं. त्यानंतर एक डाग जरी दिसला तरी दवाखान्यात यायचं.

आणि कुणी पहिल्याच भेटीत "पिशवी काढून टाका" म्हणालं, तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय हो म्हणू नका. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या किती सहज काढल्या गेल्या ते २०१९ मध्ये सगळ्यांनी वाचलं. मराठवाड्यातून येणाऱ्या टोळ्या आपल्या कारखान्यांच्या फडातही उतरतात. तिशीतल्या, पिशवी काढलेल्या बायका मी तपासल्यात. आधी गोळ्या असतात, गर्भाशयात बसवायचं हार्मोनचं साधन असतं, ज्याने रक्त पुष्कळ कमी होतं. पिशवी काढणं शेवटी.

मालकाला जागेबद्दल विचारायला तुमच्याबरोबर दुकानातल्या बाकीच्या बायका येतील का बघा. वर्षाला बारा दिवसांच्या पाळीच्या पगारी रजेला कर्नाटकच्या मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मंजुरी दिली. ज्या दुकानात बायकांना जायला जागा नाही, तिथे रजेची गोष्ट काढायलाही धीर लागतो, हे मला कळतं.

"खानापूर तालुक्यात शेती करतो. दोन मुलं आहेत, तिसरं नको. बायकोच्या मोबाईलमधल्या ॲपमध्ये हिरवे दिवस सुरक्षित दाखवतात. त्यावर भरवसा ठेवला तर चालेल का?"

नाही चालणार. वर टिळकवाडीच्या मुलीला लिहिलेलं उत्तर उलट बाजूने वाचा: ॲपला पुढचं कळत नाही, आणि शुक्राणू पाच दिवस थांबून राहतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये नॅचरल सायकल्स नावाच्या एका ॲपला गर्भनिरोधक म्हणून मान्यता दिली होती हे खरं आहे. त्यासाठी रोज तापमान नोंदवावं लागतं, आणि नेहमीच्या वापरात वर्षाला शंभरातल्या साडेसहा बायकांना तरीही दिवस जातात. तुमच्या बायकोच्या ॲपमध्ये फक्त तारखा आहेत. तांबी बसवली तर हेच प्रमाण शंभरात एकाच्याही खाली असतं. सरकारी दवाखान्यात तीन महिन्यांचं 'अंतरा' इंजेक्शन आणि आठवड्याची 'छाया' गोळी फुकट मिळते. अंतरा घेतल्यावर पाळी बंद झाली तर घाबरू नका, आणि ॲपने दिवस गेले म्हटलं तरी ऐकू नका.

पण पत्र तुम्ही लिहिलंय, बायकोने नाही, म्हणून विचारते. दोन मुलं झालीत आणि तिसरं नक्की नको, तर नसबंदी तुम्हीच का करून घेत नाही? बिनटाक्याची असते, भूल जागेपुरती, अर्ध्या तासात बाहेर. दोन-तीन दिवस विश्रांती, आठवडाभर जड उचलायचं नाही. तीन महिन्यांनी वीर्य तपासून शुक्राणू नाहीत अशी खात्री होईपर्यंत निरोध वापरायचा. भाताची लावणी आटोपली की कुठल्याही दिवशी या, त्यासाठी मी शेवटची पाळी विचारत नाही.